भुऱ्या केसांतले पांढरे केस



या वेळी एकाच पत्राला सगळी जागा देत आहे. पत्र कामरगावहून आलं आहे, वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातून. लिहिणारी 23 वर्षांची आहे. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं:

"आपा, माझे केस जन्मापासून भुरे आहेत. उन्हात उभी राहिले की तांब्यासारखे दिसतात. नानीचे असेच होते म्हणतात. शाळेत मुली मला भुरी म्हणायच्या, त्याचं काही वाटत नव्हतं. पण विसाव्या वर्षापासून भांगात आणि कानाजवळ पांढरे केस येऊ लागले. आधी उपटत होते. मग अम्मीनं बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा लावली तर डोक्याला खाज सुटली, आणि सकाळी कपाळ व पापण्या सुजल्या. चार दिवसांनी सूज उतरली. आता केस वर काळे, मुळाशी भुरे आणि मध्ये पांढरे, असे तीन रंगांचे झालेत. पुढच्या महिन्यात मूर्तिजापूरहून पाहुणे बघायला येणार आहेत. अम्मी म्हणते, त्याआधी पुन्हा एकदा काळे करून घे, या वेळी थोडा वेळच ठेव. मी काय करू? काळा रंग जायज आहे का? रंग असताना वुजू होतो का? आणि पाहुण्यांना सांगायचं की नाही?"

सर्वांत आधी अम्मीच्या शेवटच्या वाक्याबद्दल, कारण त्यात धोका आहे. बेटी, ती पुडी पुन्हा डोक्याला लावायची नाही. थोडा वेळ नाही, पाच मिनिटंही नाही.

मेंदी काळी नसते. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं. ते केसातल्या केराटिनला चिकटतं आणि नारिंगीपासून गडद तांबड्या-तपकिरीपर्यंतचे रंग देतं. त्यापलीकडे ते जात नाही. जी पूड अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते, तिच्या पाकिटावर पानाचं कितीही मोठं चित्र असलं तरी काम रसायन करत असतं. बहुतेक वेळा त्या रसायनाचं नाव पॅराफेनिलीनडायअमाईन असतं, थोडक्यात पीपीडी. हे नाव पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं, आणि सुट्या पुडीवर तर तेवढंही नसतं.

पीपीडीचं वागणं फसवं आहे. पहिल्यांदा लावताना शरीर त्याला ओळखून ठेवतं, त्रास देत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, हे मला मानवलं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खाज, पुरळ, पापण्या सुजणं सुरू होतं. एकदा अशी ॲलर्जी बसली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढचा प्रत्येक वापर आधीच्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. तुझं कपाळ सुजलं तो इशारा होता. पुन्हा कधी चेहरा सुजला, ओठ जड झाले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती लेप लावत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. आणि पुढे कुठल्याही डॉक्टरला दाखवताना केसांच्या रंगाची ॲलर्जी आहे हे आठवणीनं सांग. लग्नात हातावर काढतात त्या काळ्या कोनमध्येही हेच रसायन असू शकतं. तुझ्या हळदी-मेंदीच्या दिवशी हौसेनं कोणी काळा कोन आणला तर हात मागे घे.

अशा पुड्या पोटात गेल्या तर घसा सुजून श्वास बंद होतो आणि मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या देशात यामुळे माणसं दगावली आहेत. घरात उरलेली पुडी असेल तर मुलांच्या हाताला लागेल अशी कपाटात ठेवू नका.

आता तुझ्या केसांकडे येते. केसाला रंग देणारी द्रव्यं दोन आहेत. यूमेलॅनिन काळा-तपकिरी रंग देतं, फिओमेलॅनिन पिवळा-तांबडा. आपल्याकडच्या बहुतेकांच्या केसांत पहिलं भरपूर असतं, म्हणून केस काळे. ज्यांच्यात ते थोडं कमी, त्यांचे केस भुरे, उन्हात तांबूस. युरोपात आयर्लंड-स्कॉटलंडकडे जे खरे लाल केस दिसतात त्यामागे एमसीवनआर नावाच्या जनुकातला बदल असतो. तसं आपल्याकडे क्वचितच असतं. तुझ्या नानीचे केस असेच होते, म्हणजे हा घराण्यातून आलेला रंग आहे. त्यात दोष काही नाही. (आधी काळे असलेले लहान मुलाचे केस तांबूस, विरळ आणि सहज निघून येणारे झाले, तर ती मात्र वेगळी गोष्ट. ते खाण्यातल्या प्रथिनांच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. अशा मुलाला अंगणवाडीत वजन करायला आणि डॉक्टरकडे तपासायला न्यावं.)

केस पांढरा होतो म्हणजे मुळातल्या रंग बनवणाऱ्या पेशी काम थांबवतात. आपल्या भागातल्या माणसांचे केस पंचविशीच्या आत पांढरे होऊ लागले तर डॉक्टर त्याला अकाली म्हणतात. बहुतेक वेळा कारण आनुवंशिक असतं. अब्बा किंवा मामूंचे केस लवकर पिकले होते का, हे विचारून बघ. पण काही वेळा कारण रक्तात सापडतं: बी-12 जीवनसत्त्व कमी, थायरॉइड बिघडलेलं, किंवा लोह कमी. हात-पायाला मुंग्या येणं, जीभ लाल होऊन झोंबणं, जिना चढताना धाप लागणं, पाळीत फार रक्त जाणं, यातलं काही असेल तर केसांचा विचार बाजूला ठेव आणि आधी तपासणी करून घे. हिमोग्राम, बी-12 आणि टीएसएच, या तीन तपासण्या डॉक्टरांना विचारून करता येतात. सगळ्या गावात होत नसतील तर कारंज्याला होतील.

बी-12 मटण, कलेजी, अंडी, मासे आणि दूध-दह्यात असतं. आपण तर मांस खाणारे, आपल्याला कुठली कमतरता, असं आपल्या घरांत सगळे म्हणतात. पण हंडीतून बोट्या कोणाच्या ताटात जातात ते बघा. अब्बा, भाऊ, पाहुणे झाले की मुलींच्या आणि सुनांच्या वाट्याला शोरबा आणि भाकर उरते. आठवड्यातून एकदा मटण शिजतं आणि घरातल्या मुलीला त्यातली एक बोटी मिळते, अशा घराला मांसाहारी म्हणायचं का, याचा विचार अम्मींनी करावा.

कमतरता भरून निघाली तर पांढरे झालेले केस पुन्हा रंगतील, अशी आशा मी दाखवणार नाही. क्वचित काहींचे रंगतात, बहुतेकांचे नाही. पण अंगातली शक्ती परत येते, आणि नव्यानं पिकणं मंदावू शकतं. आणखी एक: उपटणं बंद कर. एक उपटला की सात येतात, ही गोष्ट खरी नाही. पण वारंवार उपटल्यानं मूळ दुखावतं आणि त्या जागी केस विरळ होतात. पांढरा केस उपटू नये असं हदीसमध्येही आलं आहे. तो मोमिनचा नूर आहे असं सांगितलं आहे.

हदीसचा विषय निघाला म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. मक्का विजयाच्या वेळी, म्हणजे हिजरी सन 8 मध्ये, हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वयोवृद्ध वडील अबू कुहाफा (रजि.) यांना प्रेषितांसमोर (स.) आणलं गेलं. त्यांचं डोकं आणि दाढी पांढरीशुभ्र होती. हा पांढरेपणा कशानं तरी बदला, पण काळ्यापासून दूर राहा, असं प्रेषितांनी (स.) सांगितल्याची नोंद सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच ग्रंथात हजरत अनस (रजि.) यांच्याकडून असंही आलं आहे की हजरत अबू बक्र (रजि.) मेंदी आणि कतम मिसळून लावत, तर हजरत उमर (रजि.) नुसती मेंदी लावत. कतम ही काळपट रंग देणारी वनस्पती. मेंदीत मिसळली की काळसर तपकिरी-तांबडा रंग येतो.

म्हणजे केस रंगवायला मनाई नाही. प्रश्न आहे तो शुद्ध काळ्या रंगाचा. शाफई मसलकात इमाम नववी यांनी तो हराम ठरवला आहे. हनफी उलमांपैकी बहुतेक त्याला मकरूह म्हणतात, तर इमाम अबू यूसुफ यांच्याकडून सवलतीचं मतही आलं आहे. माझं काम फतवा देण्याचं नाही, आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावं. पण तुझ्या बाबतीत हा वाद सोडवायची गरजच पडत नाही. काळा रंग तुझ्या केसांचा नाही, तो तुझ्या अंगाला सोसत नाही, आणि मेंदी जो रंग देते तो अल्लाहनं तुला आधीच दिला आहे.

हे जरा सविस्तर सांगते. काळ्याभोर केसांच्या बाईनं पांढऱ्यावर मेंदी लावली की पांढरे केस नारिंगी होतात आणि काळ्यात दुरून उठून दिसतात. मग ती वैतागून काळ्या रंगाकडे जाते. भुऱ्या-तांबूस केसांत असं होत नाही. मेंदीचा रंग पारदर्शक असतो. तुझ्या भुऱ्या केसावर तो फक्त हलकी झाक देईल, पांढऱ्यावर तांब्याचा रंग चढेल, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतील. उन्हात चमकणारी तुझी एक बट आणि मेंदी लावलेली एक बट, यांतला फरक शेजारीण ओळखणार नाही. ज्या रंगामुळे शाळेत चिडवून घेतलंस, तो इथे तुझ्या कामाला येतो.

मेंदी कुठली घ्यायची? राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी देशभर जाते. तिला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सोजतचं नाव छापणं सोपं आहे. पाकिटाच्या मागे घटक बघ. तिथे मेंदीच्या पानांची पूड एवढंच असलं पाहिजे. पूड फार हिरवीगार असेल तर रंग घातल्याचा संशय घे. खरी मेंदी जरा मळकट हिरवी, वाळलेल्या पाल्याच्या वासाची असते. चिमूटभर पूड पाण्यात कालवून तळहातावर दहा-पंधरा मिनिटं ठेव. हलका नारिंगी डाग पडला तर ठीक. लगेच काळा किंवा गडद तपकिरी डाग पडला तर फेकून दे. आपल्या वऱ्हाडात कुणाच्या शेताच्या किंवा घराच्या कुंपणाला मेंदी असेल तर तिचा पाला सावलीत वाळवून, दळून, मलमलच्या कपड्यातून चाळून घेता येतो. रंग थोडा फिका येईल, पण त्यात काय आहे हे तुला माहीत असेल.

लगेच मात्र लावू नकोस. डोक्याची खाज, खपल्या पूर्ण गेल्यावर आणखी काही आठवडे जाऊ दे. मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडी मेंदी लावून, धुऊन, दोन दिवस बघ. काही झालं नाही तर पुढची पायरी. कंगव्यात अडकलेले केस जमा कर, तुझे भुरे आणि पांढरे दोन्ही. त्यांचा छोटा झुबका दोऱ्यानं बांध, मेंदीत भिजव, धुऊन वाळव आणि दोन दिवसांनी उन्हात नेऊन बघ. डोक्यावर काय रंग येईल ते तिथेच कळेल. सलूनमध्ये याला पैसे पडतात, घरी फुकट होतं.

खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण 100 ग्रॅम पूड लागते. नुसत्या मुळांना तीस-चाळीस ग्रॅम पुरे. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कोमट पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस घालून दह्याएवढी घट्ट कालव. लोखंडी कढई नको. नानी-दादी कढईत चहाचं पाणी आणि आवळा घालून मेंदी भिजवायच्या ते रंग काळपट व्हावा म्हणून. लोखंड आणि चहा-आवळ्यातला तुरटपणा मिळून काळपटपणा येतो. तुला तो नको आहे. थंडीत रात्रभर भिजू दे. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन-तीन तासही पुष्कळ झाले. केस धुतलेले, तेल नसलेले हवेत. भांग पाडत मुळांना लाव, वर प्लॅस्टिकची पिशवी बांध आणि तीन तास ठेव. मग नुसत्या पाण्यानं धू, शाम्पू दुसऱ्या दिवशी.

धुतल्यावर आरशात बघून घाबरू नकोस. पांढऱ्या केसांवर पहिल्या दिवशी गाजरासारखा रंग दिसतो. हवेत राहून दोन-तीन दिवसांत तो खोल होतो. म्हणून कुठल्याही कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी लावावी, आदल्या रात्री कधीच नाही.

तीन दिवसांनीही रंग फार भडक वाटला तर पुढच्या वेळी दोन भाग मेंदीत एक भाग वसमा मिसळ. वसमा म्हणजे नीळ झाडाच्या पानांची पूड. कपडे धुवायची नीळ नव्हे, ती डोक्याला लावायची नसते. वसमा वेगळ्या भांड्यात नुसत्या कोमट पाण्यात कालवायचा, लिंबू न घालता, आणि दहा-पंधरा मिनिटांत भिजलेल्या मेंदीत मिसळून लगेच लावायचा. त्यानं तांबडा रंग तपकिरीकडे झुकतो. अबू बक्र (रजि.) यांच्या मेंदी-कतमच्या जवळ जाणारी ही आपल्याकडची रीत म्हणता येईल. वसम्याच्या नावानं मिळणाऱ्या पुड्यांतही रसायन मिसळलेलं असतं, म्हणून तुझ्यासारख्या ॲलर्जी झालेल्या मुलीनं तोही आधी कोपरावर लावून दोन दिवस बघावा. शंका असेल तर नुसती मेंदी पुरे.

लांबीवर जो काळा रंग बसला आहे तो मेंदीनं उतरणार नाही. तो वाढून कापला जाण्याचीच वाट पाहायची. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वीतभर खरा रंग परत यायला दीड वर्ष लागेल. दर दोन महिन्यांनी टोकं थोडी कापत जा. काळा रंग काढायला ब्लीच लावू या असं पार्लरवाली म्हणाली तर नाही म्हण. दुखावलेल्या डोक्याला ते नको, आणि सुट्या पुड्यांत धातूचे क्षार असले तर ब्लीचशी त्यांचा संयोग होऊन केस जळू शकतात. वेणी घातलीस की तीन रंग फारसे दिसत नाहीत, आणि घराबाहेर तर ओढणी असतेच.

वुजूचं उत्तर सोपं आहे. मेंदीचा रंग केसात मुरतो, वर थर राहत नाही, म्हणून धुतल्यानंतर वुजू आणि गुस्ल दोन्ही होतात. लेप डोक्यावर असताना मात्र पाणी केसांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सकाळी आठ-नऊला लावून जोहरच्या आधी धुणं सगळ्यात सोयीचं. पाळीत मेंदी लावू नये असा समज आहे, त्याला आधार नाही. उलट त्या दिवसांत नमाज माफ असते, वेळेची घाई नसते.

राहिले पाहुणे. पुढच्या महिन्यापर्यंत डोकं बरं झालं नाही तर मेंदीही लावायची नाही, आहे तसे केस दिसतील. आणि बरं झालं, मेंदी लावली, तरी अम्मीनं मुलाच्या आईला एका वाक्यात सांगावं: हिचे केस लवकर पिकू लागलेत, मेंदी लावते. स्थळ जमवताना वय किंवा व्यंग लपवण्यासाठी रंगवणं हा धोका आहे, असं उलमा स्पष्ट सांगतात. तुझ्या चार पांढऱ्या केसांना कोणी व्यंग म्हणणार नाही, पण निकाहनंतर पहिल्याच महिन्यात सासू तुझ्या भांगात बघणारच आहे. तेव्हा कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. ॲलर्जीचं तर सांगायलाच हवं, कारण सासरी कोणीतरी प्रेमानं तीच पुडी घेऊन येईल. मुलाच्या कानशिलावरचे पांढरे केस किती, हे विचारायला कामरगावहून कोणी मूर्तिजापूरला जात नाही. तुझी अम्मी विचारणार असेल तर माझी हरकत नाही.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. ईदला किंवा अकीक्याला तान्ह्या बाळाच्या हातापायाला मेंदी लावायची हौस काही घरांत असते. ज्या बाळांत जीसिक्सपीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या अंगात मेंदीमुळे रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ते कमी आहे हे बघून कळत नाही, त्यामुळे तान्ह्यांना मेंदी नकोच.

तपासणीचा कागद आला की त्यातले आकडे मला कळव. आणि मेंदी लावलेल्या पहिल्या दोन रात्री उशीवर जुना कपडा टाक, डाग निघत नाहीत.